मुतखडा : तो कसा होतो आणि का होतो



पाणी गाळून व उकळून पिण्याची प्रथा ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते, त्या घरांतील प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचे एक दृश्य आहे. बोअरिंगचे पाणी रोज उकळले की थोड्याच दिवसांत पातेल्याच्या बुडाशी पांढरा, खरखरीत थर बसू लागतो. नुसत्या घासण्याने तो निघत नाही. चिंच किंवा लिंबू चोळावे लागते. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास सुरू झाला की या थराकडे बोट दाखवून म्हटले जाते, "पातेल्यात बसतो तसाच हा क्षार पोटातही बसतो." हे अनुमान इतके सोपे व डोळ्यांना पटणारे आहे की त्यावर कोणी शंका घेत नाही. परंतु ते बरोबर नाही. आणि कारण चुकीचे धरले की उपायही चुकतो, म्हणून आजच्या विषयाचा आरंभ या पातेल्यापासूनच करणे योग्य होईल.

पातेल्यातील थर हा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे साध्या भाषेत चुनखडीचा असतो. पाण्यात विरघळलेला चुना उष्णतेमुळे अविद्राव्य होतो आणि तळाशी बसतो. मूत्रपिंडात अशी उकळण्याची क्रिया घडत नाही, आणि तेथे होणारा खडाही चुनखडीचा नसतो. जड पाणी पिणाऱ्या आणि मृदू पाणी पिणाऱ्या लोकवस्त्यांची तुलना अनेक देशांत झाली. जड पाण्यामुळे खडे वाढतात असा ठाम व एकसारखा निष्कर्ष त्यातून निघालेला नाही. बोअरिंगच्या पाण्याच्या भीतीने पाणी पिणेच कमी करणारा मनुष्य मात्र खड्याला निश्चित आमंत्रण देतो. ते कसे, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाचे काम पाहावे लागेल.

मनुष्याच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या भागाआड, मुठीएवढ्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. एवढे पाणी शरीराबाहेर गेले तर मनुष्य तासाभरातच संकटात सापडेल. म्हणून त्यातील बहुतेक सर्व पाणी व उपयुक्त द्रव्ये पुन्हा रक्तात शोषून घेतली जातात आणि सरासरी दीड लिटर मूत्र तेवढे बाहेर टाकले जाते. या दीड लिटरात शरीराला नको असलेले सर्व क्षार विरघळवून न्यावयाचे असतात. क्षार तेवढेच आणि पाणी निम्मे, अशी स्थिती आली की द्रावण दुप्पट दाट होते. मूत्रपिंडाचा यात दोष नाही. शरीरात पाणी कमी असेल तर ते वाचविणे हेच त्याचे कर्तव्य आहे.

खडीसाखर कशी तयार होते हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना पुढचे सहज समजेल. पाण्यात मावेल त्याहून अधिक साखर उष्णतेच्या साहाय्याने विरघळवून दाट पाक करतात, त्यात दोरा सोडतात आणि पाक निवत ठेवतात. दोऱ्यावर प्रथम बारीक कण धरतात. मग कणावर कण बसून काही दिवसांत टपोरे खडे तयार होतात. पातळ सरबतात दोरा वर्षभर ठेवला तरी खडा धरणार नाही. म्हणजे दोन गोष्टी हव्यात : मावेल त्याहून दाट झालेले द्रावण, ज्याला शास्त्रात अतिसंपृक्त द्रावण म्हणतात, आणि कणाला टेकण्यासाठी काही आधार.

मूत्रपिंडात हा दोरा कोणता, याचा शोध अमेरिकेतील शल्यविशारद अलेक्झांडर रँडल यांनी घेतला. मृतांच्या मूत्रपिंडांची तपासणी करीत असताना त्यांना आतल्या शंकूसारख्या टोकांवर पांढुरके चट्टे दिसले, आणि काही चट्ट्यांना लहान खडे चिकटलेले आढळले. १९३७ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. हे चट्टे कॅल्शियम फॉस्फेटचे असतात. त्यांच्या वरचे नाजूक आवरण फाटले की चट्टा मूत्राच्या संपर्कात येतो आणि त्यावर कॅल्शियम ऑक्झलेटचे थर बसू लागतात. आज त्यांना रँडल यांच्याच नावाने ओळखले जाते. सर्वच खडे या मार्गाने होत नाहीत, परंतु सामान्यतः आढळणाऱ्या खड्यांपैकी पुष्कळांचा उगम येथे असतो.

आपल्याकडे सुश्रुतांनी अश्मरीच्या प्रकरणात एक दृष्टांत दिला आहे. नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरून ठेवले तरी कालांतराने तळाशी गाळ साचतो, तशीच अश्मरीची उत्पत्ती होते, असा त्याचा आशय आहे. सूक्ष्मदर्शक नव्हता, रसायनशाळा नव्हती. तरीही डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या द्रवात पुढे घन होणारे काही दडलेले असते, ही मूळ गोष्ट त्यांनी अचूक ओळखली होती. मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची क्रियाही त्यांनी वर्णिली आहे, आणि ती करण्यापूर्वी रोग्याच्या जिवाला असलेला धोका ध्यानात घ्यावा असेही बजावले आहे.

मग प्रश्न असा येतो की मूत्र तर प्रत्येकाचेच अधूनमधून दाट होते. खडा सर्वांना का होत नाही? याचे कारण मूत्रात खडा होऊ न देणारी द्रव्येही असतात. त्यांत सायट्रेट मुख्य आहे. ते कॅल्शियमला स्वतःशी बांधून ठेवते, त्यामुळे ऑक्झलेटच्या वाट्याला कॅल्शियम कमी येते. मॅग्नेशियम आणि काही प्रथिनेही हेच रक्षणाचे काम करतात. लिंबू, मोसंबी, संत्रे यांत सायट्रिक आम्ल भरपूर असते, म्हणून वैद्यकीय सल्ल्यात लिंबूपाण्याला स्थान आहे. मात्र त्यात मीठ घालू नये. काही कुटुंबांत सायट्रेट मुळातच कमी किंवा मूत्रातील कॅल्शियम मुळातच अधिक असते. वडील, काका आणि मुलगा अशा तिघांनाही खडा झाल्याची उदाहरणे दिसतात ती यामुळे. राजस्थान, गुजरात आणि लगतचा वायव्य भारताचा कोरडा, उष्ण पट्टा मुतखड्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या प्रदेशांतून व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांनी आपला कौटुंबिक इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

खडे सर्व एकाच जातीचे नसतात. सुमारे तीन-चतुर्थांश खडे कॅल्शियमचे, त्यांतही बहुसंख्य कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. दुसरी जात युरिक आम्लाची. मूत्र आम्लधर्मी झाले की हे आम्ल विरघळेनासे होते. स्थूलता, मधुमेह आणि गाउट हा सांधेविकार असणाऱ्यांत हे खडे अधिक. तिसरी जात जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या खड्यांची. ते भराभर वाढून मूत्रपिंडाचा सारा पोकळ भाग हरणाच्या शिंगासारखा व्यापून टाकतात, आणि स्त्रियांत अधिक आढळतात. चौथी, सिस्टिनची, आनुवंशिक व विरळ. यांव्यतिरिक्त बाहेरून आलेल्या पदार्थाचाही खडा होऊ शकतो, हे २००८ साली चीनमध्ये दिसले. दुधात प्रथिने अधिक आहेत असे भासविण्यासाठी मेलामाइन हे रसायन मिसळले गेले. ते दूध प्यालेली सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. त्या अर्भकांच्या खड्यांत मेलामाइन व युरिक आम्ल एकमेकांना बिलगलेले आढळले. व्यापारातील भेसळ अर्भकांच्या मूत्रपिंडापर्यंत कशी पोहोचते, हे व्यापारी समाजाने विसरू नये.

आता 'का होतो' याकडे वळावयाचे. पहिले आणि सर्वांत मोठे कारण पाण्याच्या जमाखर्चात आहे. प्यालेले पाणी ही जमा. घाम, श्वास आणि शौच यांवाटे जाणारे पाणी हा खर्च. उरलेली शिल्लक तेवढी मूत्राच्या वाट्याला येते. वैशाखात घामाचा खर्च वाढतो, पण जमेची रक्कम माघातलीच राहते, आणि शिल्लक घटते. म्हणून 'रोज अमुक ग्लास पाणी प्या' हा सर्वांना एकच सल्ला पुरेसा नाही. मोजावयाची ती शिल्लक : ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांचे चोवीस तासांतील मूत्र किमान अडीच लिटर असावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. इटलीतील संशोधकांनी प्रथमच खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला भरपूर पाणी पिण्यास सांगितले, दुसऱ्याला काहीच सांगितले नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील १२ जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्यातील २७ जणांना. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. इतका स्वस्त उपाय आणि इतका फरक वैद्यकात क्वचितच दिसतो.

तथापि मनुष्य पाणी का पीत नाही, याचाही विचार केला पाहिजे. बाजारपेठेत सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गादीवर किंवा काउंटरमागे बसणारा दुकानदार, त्याच्या दुकानातील विक्रेत्या मुली, एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिका, ही सारी मंडळी तहान लागली तरी घोटभर पिऊन थांबतात. कारण जवळ स्वच्छ स्वच्छतागृह नसते. पुरुष कोठेतरी आडोसा शोधतो. स्त्रीला तेही शक्य नाही. ज्या पेठेत लाखोंची उलाढाल होते तेथे स्त्रियांसाठी एक स्वच्छ मुतारी नसावी, हे भूषणावह नाही. पाणपोई बांधणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. तिच्या शेजारी स्वच्छतागृह बांधणेही त्याच तोलाचे मानावयास हरकत नाही.

दुसरे कारण मीठ. शरीर जादा मीठ मूत्रावाटे टाकते तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही ओढून नेते. साधारण ६ ग्रॅम जादा मिठामागे सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम अधिक जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ पुरे. पापड, लोणचे, फरसाण, शेव, खाकरा आणि वरून ताकात मीठ, असा ज्या घरांचा नित्याचा आहार आहे त्यांनी हिशेब आपल्याशीच करावा.

तिसरी गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची, कारण येथे चूक केल्याने मनुष्य दोन्हीकडून नुकसान सोसतो. 'खडा कॅल्शियमचा आहे ना, मग दूध-दही बंद' असा सल्ला एके काळी डॉक्टरही देत असत. घराघरांत तो आजही दिला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. अन्नातील ऑक्झलेट आणि दुधातील कॅल्शियम हे आतड्यात एकमेकांना भेटले तर तेथेच बांधले जातात आणि मलावाटे निघून जातात. दूध बंद केले की आतड्यातील ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात उतरते. १९९३ साली अमेरिकेतील ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहारातून सर्वांत अधिक कॅल्शियम घेणाऱ्या गटात खड्याचे प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाले. पुढे २००२ साली, मूत्रातून जादा कॅल्शियम जाणाऱ्या १२० इटालियन रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. ६० जणांचे दूधदुभते कमी केले. उरलेल्या ६० जणांना नेहमीएवढे कॅल्शियम, पण कमी मीठ व कमी मांस असा आहार दिला. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात १२ जणांना. दूध तोडणाऱ्याचा खडा तर टळत नाहीच, पण हाडे मात्र ठिसूळ होतात. पन्नाशी ओलांडलेल्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या रिकाम्या पोटी घेतल्यास अपाय संभवतो, जेवणाबरोबर घेतल्यास तो कमी होतो. 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचे शरीरात ऑक्झलेट बनते, म्हणून त्याही मनाने घेऊ नयेत.

ऑक्झलेट म्हटले की टोमॅटोच्या बियांकडे बोट दाखविले जाते. बिचाऱ्या टोमॅटोत ते बेताचेच असते आणि त्याच्या बियांचा खड्याशी काही संबंध नाही. ऑक्झलेटने खरोखर समृद्ध म्हणजे पालक, बीट, रताळे, बदाम, काजू आणि कोरा चहा. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांच्या ताटातून यांतील दोन आपोआप वगळली जातात. पालक खावयाचाच असेल तर तो दह्याबरोबर खावा. चहा दुधाचा घेतला तर त्यातले ऑक्झलेट बरेचसे बांधले जाते. आणखी एक समज असा, की बिअर प्यायल्याने खडा पडतो. पाण्याने होणाऱ्या कामासाठी मद्याचे निमित्त शोधणाऱ्यांशी वाद न घालणे बरे.

आता उपवासाविषयी. व्रत करावे की न करावे हा आजच्या व्याख्यानाचा विषय नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा व शक्तीचा विषय आहे. शरीरात काय घडते तेवढे सांगणे प्राप्त आहे. उपवास लांबला की शरीर चरबी जाळू लागते. त्यातून निघणाऱ्या आम्ल द्रव्यांमुळे मूत्र आम्लधर्मी होते, सायट्रेट घटते आणि रक्तातील युरिक आम्ल वाढते. पाणी घेऊन केलेल्या उपवासात निदान द्रावण पातळ राहते; निर्जळी उपवासात तीही सोय उरत नाही. निरोगी तरुणाचे एका दिवसाने बिघडत नसेल. परंतु ज्याला पूर्वी खडा झाला आहे, ज्याचे एकच मूत्रपिंड काम करते, किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याने निर्जळी उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले पाहिजे. घरच्या वडीलधाऱ्यांनीही त्याला 'गेल्या वर्षी केलेस, यंदा का नाही' असे म्हणून भरीस घालू नये.

रात्री पाण्याचाही त्याग करणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा मांडावा लागतो. मूत्र सर्वाधिक दाट होते ते रात्री, आणि झोपताना पाणी पिण्याचा नेहमीचा सल्ला येथे उपयोगी पडत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण झाल्याचा एक लाभ असा, की जेवणानंतरच्या काही तासांत मूत्रात वाढणारे कॅल्शियम बरेचसे झोपण्यापूर्वीच निघून जाते. उरलेली काळजी दिवसा घ्यावयाची. सकाळी पाणी सुरू होताच दोन पेले, मग दर तासाला थोडे थोडे, आणि सायंकाळच्या जेवणात पापड-लोणचे नको. दिवसभर विसरून सूर्यास्ताच्या सुमारास घाईने दोन लिटर पाणी पिणे उपयोगाचे नाही. ते दोन-तीन तासांत बाहेर पडते आणि पहाटेचे मूत्र पुन्हा दाटच राहते. दिवसातून एकदाच आहार व जल घेणाऱ्या मुनी-आर्यिकांच्या बाबतीत ही जबाबदारी आहार देणाऱ्या श्रावक-श्राविकांवर येते. ग्रीष्मातील विहाराच्या दिवसांत मिष्टान्नापेक्षा पाणी, ताक, नारळपाणी, मोसंबीचा रस यांचा विचार प्रथम व्हावा.

खडा मूत्रपिंडात स्वस्थ पडून असतो तोवर बहुधा कळत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की कळ येते. ही नळी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. कमरेतून निघून जांघेकडे उतरणारी ती कळ ज्याने सोसली आहे त्याला वर्णनाची गरज नाही, आणि इतरांना वर्णनाने ती समजणार नाही. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. दहाहून मोठे क्वचितच. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी अजिबात बंद झाली, तर त्या रात्रीच रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रात जंतू शिरले की प्राणावर बेतते.

याहूनही फसवी अवस्था दुसरी आहे. कळ येते, इंजेक्शनने थांबते, चार दिवसांनी मनुष्य विसरतो. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे तो धरून चालतो. कित्येकदा खडा नळीत तसाच अडकलेला असतो, मूत्रपिंड फुगून हळूहळू निकामी होत जाते, आणि दुखत मात्र काहीच नाही. वर्षा-दोन वर्षांनी अन्य काही निमित्ताने सोनोग्राफी होते तेव्हा एक मूत्रपिंड गमावल्याचे कळते. म्हणून कळ थांबल्यानंतर खडा पडल्याची खात्री सोनोग्राफीने वा डॉक्टर सांगतील त्या तपासणीने करून घ्यावीच.

कुळथाचे पाणी, पाषाणभेद यांविषयी नेहमी विचारले जाते. कुळथाच्या काढ्याबरोबर पोटात पाणी जाते ते हितकारकच. परंतु तयार झालेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळविणारे खात्रीचे औषध आजही कोणत्याच शास्त्राजवळ नाही. विरघळतो तो मुख्यतः युरिक आम्लाचा खडा, मूत्राची आम्लता औषधाने कमी केल्यावर. बाकीच्यांसाठी दुर्बीण, लेसर अथवा ध्वनिलहरींचा मार्ग आहे. बाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याचा पहिला प्रयोग मनुष्यावर ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीत म्युनिक येथे झाला आणि पोट उघडण्याची वेळ येणाऱ्यांची संख्या त्यानंतर झपाट्याने घटली. मात्र खडा काढला तरी तो करणारी प्रकृती तशीच राहते. पहिल्या खड्यानंतर जवळपास निम्म्या लोकांना दहा वर्षांत दुसरा होतो.

त्यासाठी पडलेला खडा हातचा जाऊ देऊ नये. कळ सुरू असलेल्या दिवसांत लघवी भांड्यात धरून तलम, घट्ट विणीच्या कापडातून गाळावी. पाणी गाळण्यासाठी गाळणे वापरणाऱ्या घरांना हे सांगावयास नकोच. त्यासाठी वेगळे कापड ठेवावे एवढेच. हाती आलेला कण स्वच्छ धुऊन, वाळवून, डबीत घालून प्रयोगशाळेत पाठवावा. तो कोणत्या जातीचा हे कळले की पथ्य व औषध नेमके ठरते. सोबत चोवीस तासांचे मूत्र एकत्र करून त्यातील कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट व युरिक आम्ल मोजून घ्यावे. ही तपासणी कळ थांबल्यावर काही आठवड्यांनी, नेहमीचा आहार चालू असताना करावयाची असते. पर्युषणातील किंवा उपवासाच्या दिवसांतील नमुना त्यासाठी देऊ नये.